न मोडलेली सावली

१

रविवारी सकाळी सव्वासातला भिंतीवरचं पाचवं चित्र नकली असल्याचं माझ्या लक्षात आलं, आणि खोटं कशाला बोलू, मला आधी बरंच वाटलं.

मी बर्था तुस्कानो. वय छप्पन्न, माहेर-सासर दोन्ही वसई. दोहातल्या अल थुमामा भागात मरियम मॅडमचा एक व्हिला आहे आणि त्यात त्यांचा जुन्या फोटोंचा खाजगी संग्रह. चौदा वर्षं त्याची नोंदवही मी सांभाळते. कुठला फोटो कुठल्या खोक्यात, कुठल्यावर डाग, कुठल्याला चीर, झोपेतून उठवून विचारा, सांगेन.

येत्या गुरुवारी आमचं प्रदर्शन उघडणार होतं. दीडशे वर्षांपूर्वी स्पेनमधल्या एका रिंगणात, एकाच दुपारी, कुणा अनाम फोटोग्राफरनं काढलेले माणूस आणि बैलाच्या झुंजीचे आठ फोटो. त्या काळचा कॅमेरा संथ. जे हललं ते पुसलं गेलं. त्यामुळे सात फोटोंत बैल म्हणजे नुसता काळा धूर. पाचव्यात मात्र तो क्षणभर थबकला आहे, शिंगांच्या टोकांसकट स्पष्ट. तलवारवालाही त्याच्यासमोर निश्चल. सगळं प्रदर्शन त्या एका फोटोवर उभं होतं.

त्या वेळी फोटोच्या कागदावर अंड्याच्या पांढऱ्याचा थर देत. जुना झाला की त्याला केसासारख्या भेगा पडतात आणि टॉर्च तिरका धरला की तो चकाकतो. त्या सकाळी मी एकेका फ्रेमवर टॉर्च धरत गेले. सात चकाकले, पाचवा नाही. गेल्या गुरुवारी दुपारी याच फोटोसाठी मी 'ठीक' म्हणून सही केली होती, तेव्हा तो अस्सल होता.

आता बरं का वाटलं, ते सांगते. त्या कारणाचं नाव जाहिदा.

दीड वर्षापूर्वी मॅडमनी तिला चित्रांखालचा मजकूर लिहायला ठेवलं. रत्नागिरीची, अडतीस वर्षांची, उर्दू शाळेत शिकलेली आणि तीन भाषांत लिहिणारी. आल्यावर महिन्याभरात माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "बर्था आंटी, हे नंबर उलटसुलट झालेत. सावली बघा ना."

नंबर मी दिले होते, अल्बममधल्या क्रमानं. तो अल्बम मधे कुणीतरी उसवून पुन्हा शिवला होता हे मला कुठलं ठाऊक. जाहिदानं आठही फोटो टेबलावर मांडले. रिंगणाचा अर्धा भाग उन्हात, अर्धा सावलीत. फोटोग्राफर सावलीच्या बाजूला, ऊन त्याच्या पाठीशी. दुपार कलते तशी त्याच्या मागच्या सज्ज्याची सावली वाळूवर पुढे सरकत जाते. जिथे सावली सर्वांत आखूड तो पहिला फोटो, जिथे सर्वांत लांब तो आठवा. लहान पोराला कळेल. अल्बम आमच्याकडे आल्यापासूनच्या नऊ वर्षांत मला कळलं नव्हतं.

पाचव्या फोटोत सावलीची कड बरोबर माणूस आणि बैल यांच्या मधून जाते. माणूस सावलीत, बैल उन्हात. जाहिदानं त्याखाली लिहिलं, 'बैल कधी थांबेल हे फोटोग्राफरच्या हाती नव्हतं. सावली कुठे पोचेल हे त्याला माहीत होतं. तो सावलीसाठी थांबला.' मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि डोळे टिपले. चौदा वर्षांत मी मॅडमना कधी रडवलं नाही. धुळीनं शिंकवलं असेल फार तर.

माझे नंबर खोडले गेले. तेव्हापासून माझ्या पोटात जे पेटलं ते विझलं नाही.

मॅडम साडेआठला आल्या. त्यांच्यासमोर मी फ्रेम उघडली, काच काढली, नकली कागद सोडवून पाकिटात ठेवला, आणि रिकामी चौकट मागच्या पुठ्ठ्यांसकट कपाटात बंद केली. मॅडम इंग्रजीतून बोलतात, शांतपणे. "बर्था, तुझ्या हातून आजवर एक कागद हरवलेला नाही. तूच शोध. गुरुवारी सकाळी दहापर्यंत फोटो मिळाला नाही तर मी पोलिसांना कळवणार."

मी सगळ्यांची टेबलं तपासली. जाहिदाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, फायलींच्या मागे, पातळ पांढऱ्या कागदाचा एक तुकडा सापडला. कोपऱ्यात माझ्याच हातचा पेन्सिलीतला जुना नंबर होता. चौकटीत पाचव्या फोटोच्या मागे अंथरलेला कागद तो.

२

जाहिदाला मी पॅन्ट्रीत बसवलं. चहा दिला नाही.

"हा कागद तुझ्याकडे कसा?"

"मला नाय माहीत, आंटी. अल्लाची शपथ. मी त्या ड्रॉवरला हात पण लावत नाय, त्यात जुनी ब्रोशरं आहेत."

"गुरुवारी तू पाचवा फोटो भिंतीवरून खाली घेतलास."

"तुमच्यासमोरच घेतला ना. मजकुरातला एक शब्द तपासायचा होता. परत लावला तेव्हा तुम्ही सही केलीत."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून मला आवडलं नाही.

"शनिवारी सुट्टी असून आलीस."

"नऊ ते बारा. लेबलं चिकटवायला. फजलभाईंच्या वहीत आहे की."

फजल आमचा दारावरचा माणूस, श्रीवर्धनचा. त्याची वही मी पाहिली होती. शुक्रवार-शनिवारच्या पानावर एकच नाव, जाहिदाचं.

"आणि शुक्रवारी?"

"दुपारपासून संध्याकाळच्या मगरिबपर्यंत मॅडमच्या घरी. पाहुण्यांची यादी करत होतो आम्ही."

मॅडमच्या घरी. चौदा वर्षांत मला त्या घराचा रस्ता माहीत नाही. मी पुढचा प्रश्न विसरले.

जाहिदा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती. "आंटी, पोलीस केस झाली की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. खरं-खोटं नंतर. आधी माणूस अडकतो. फैसल रास लफानच्या गॅस प्लांटवर शिफ्टमध्ये, चार-चार दिवस येत नाय. जिक्राची दहावी आहे. फेब्रुवारीत बोर्ड. कोण बघेल तिला?"

फैसल तिचा नवरा, जिक्रा मुलगी. शाळा सुटली की पोर कधी कधी आमच्या रिसेप्शनमध्ये पुस्तक घेऊन बसते. मराठीत विचारलं की 'आय एम फाइन, आंटी' म्हणते. वाईट वाटायला हवं होतं. मी मनात म्हटलं, हे तुला आधी सुचायला हवं होतं, बाई.

पुरावा होता, संधी होती, हुशारी तर भरपूर होती. माझ्या दृष्टीनं प्रकरण खलास. राहिला होता फोटो.

३

तरी रीत म्हणून बाकी दोघांना विचारलं.

फ्लॉइड आमचा स्कॅनिंगवाला. बाविसाव्या वर्षी नायगावहून आला, आता तिशीचा. त्याची खोली काळ्या पडद्यांची, बारा महिने अंधारी. तो खुर्चीत गर्रकन वळला. "आंटी, मला नकली काढायचं असतं तर तुम्हाला कळलंच नसतं. माझ्याकडे असा स्कॅन आहे, बैलाच्या पापण्या मोजून घ्या."

"स्कॅन आणखी कुणाकडे?"

"सिस्टिमवर. मी, जाहिदा, तुम्ही, मॅडम. झालं."

"शुक्रवारी कुठे होतास?"

तो हसला. "तुमच्यासमोर, आंटी. कीबोर्डवर कोण होतं?"

खरंच. आखातात सुट्टी शुक्रवारची, म्हणून आम्ही ख्रिस्ती लोक रविवारचा मिस्सा शुक्रवारी ऐकतो. साडेतीनला चर्चमध्ये गायनाची तालीम, साडेचारला मिस्सा. फ्लॉइड कीबोर्डवर आणि मी दुसऱ्या रांगेत. त्यानं एक सूर चुकवला होता आणि मी त्याच्याकडे डोळे वटारले होते.

तिसरा चार्ल्स. तो आमच्याकडे फ्रेमा करतो. माउंट, म्हणजे फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, कापणं, काच बसवणं, मागे पुठ्ठे लावून टेप मारणं. काम चोख, बोलणं कमी. कॉम्प्युटरच्या वाटेला जात नाही, साधा पासवर्डही घेतला नाही त्यानं. मागच्या दाराची किल्ली त्याच्याकडे असते, कारण लाकडाच्या पट्ट्या तिकडून येतात. चार्ल्स माझा नवरा.

त्याला घरीच विचारलं. अल मन्सूराच्या आमच्या फ्लॅटमध्ये, रात्रीच्या जेवणाला. म्हणजे विचारलं कमी आणि सांगितलं जास्त. ड्रॉवर, कागद, पॅन्ट्री, मॅडमच्या घरची यादी, सगळं.

"तुला काय वाटतं?" मी म्हटलं.

"मला काय वाटायचंय." त्यानं डाळ वाढून घेतली. "पोलिसात देणार म्हणतेस?"

"मॅडम देणार. मी कोण?"

"नोकरीवरून काढलं तर पुरे नाही का?"

"चोरी आहे, चार्ल्स. शुक्रवारी तुला कुणी काही बोललं का, व्हिल्यातलं?"

"शुक्रवारी मी तुझ्याबरोबर होतो."

होता. मला चर्चच्या फाटकाशी सोडून गाडी लावायला गेला, गर्दी होती म्हणून बाहेर उभं राहून मिस्सा ऐकला, आणि पार्किंगमध्ये अडकलो म्हणत पाऊण तास उशिरा आला. येताना करक चहाचे दोन कप घेऊन आला होता, त्यामुळे मी रागावले नाही.

"म्हणजे तीच," मी म्हटलं. "कॉम्प्युटरवरनं स्कॅन काढला, छापला, शनिवारी बदलला. उद्या नकली कागद आणि स्कॅन शेजारी ठेवते. एकाला एक जुळले की झालं."

चार्ल्स उठला. ताट उचलून सिंकमध्ये ठेवायला गेला, भात तसाच होता.

४

सोमवारी मी नकली कागद भिंगाखाली घेतला आणि शेजारच्या पडद्यावर स्कॅन उघडला. मला जाहिदाला दोषी ठरवायचं होतं, त्यामुळे मी फार बारकाईनं पाहिलं. प्रेमानं कुणी इतकं पाहत नाही.

माणूस जुळला, बैल जुळला. वाळूवरची सावलीची कड जुळली. वर उजव्या बाजूला, उन्हातल्या पायऱ्यांवर बसलेली प्रेक्षकांची गर्दी, टोप्या आणि पंखे, तेही जुळले. मग त्या गर्दीवर एक करडी पट्टी दिसली. बोटभर रुंद, फिकट, वरच्या कोपऱ्यातून तिरकी खाली आलेली. स्कॅनमध्ये ती नव्हती.

आधी वाटलं शाईचा दोष. मग वाटलं, छताच्या दोरखंडाची सावली असेल आणि स्कॅनमध्ये उजळ झाल्यानं गेली असेल. मी पुन्हा पाहिलं, आणि जाहिदाचा आवाज माझ्या कानात नको असताना आला. सावली बघा ना, आंटी.

पाहिली. प्रेक्षक पायऱ्यांवर बसलेले होते. पायऱ्यांवर दोराची सावली पडली तर ती प्रत्येक पायरीला मोडते. उभ्या भागावर एक वळण, आडव्यावर दुसरं. आमच्या वसईच्या घरच्या जिन्यावर कपड्यांच्या दोरीची सावली रोज अशी नागमोडी पडायची. ही पट्टी सात पायऱ्या, लाकडी कुंपण आणि वरचं आभाळ ओलांडून गेली होती आणि कुठेच मोडली नव्हती. पट्टीनं आखल्यासारखी सरळ.

म्हणजे ती सावली स्पेनमध्ये पडलेलीच नव्हती. ती सपाट कागदावर पडली होती. कुणीतरी अस्सल फोटो उन्हात ठेवून त्याचा मोबाइलनं फोटो काढला होता, आणि त्या वेळी कसलातरी गज उन्हाच्या आड आला होता.

मी भिंग खाली ठेवलं. ज्याच्याकडे इतका स्वच्छ स्कॅन आहे, तो उन्हात कागद ठेवून मोबाइलनं कशाला फोटो काढेल? स्कॅन जाहिदाकडे होता. फ्लॉइडकडे होता. माझ्याकडे आणि मॅडमकडे होता.

माझा सगळा खटला माझ्याच भिंगानं मोडला. मला फार राग आला, आणि त्या रागात एक प्रश्न मी मुद्दाम स्वतःला विचारला नाही. स्कॅन कुणाकडे नव्हता?

५

जुन्या फोटोंना उजेड चालत नाही, म्हणून आमच्या व्हिल्यात खिडक्या काळ्या कागदानं झाकलेल्या असतात. उघडी खिडकी एकच, मागच्या फ्रेमिंगच्या खोलीत. माउंटचा रंग दिवसाच्या उजेडात बघावा लागतो, असं चार्ल्स म्हणतो. ती पश्चिमेला आहे आणि तिला उभे लोखंडी गज आहेत.

आमचं ऑफिस सात ते तीन. तीनला चार्ल्सला म्हटलं, तू हो पुढे, मला काम आहे, टॅक्सीनं येते. तो गाडीची किल्ली घेऊन निघाला.

मी त्याच्या टेबलावर, जिथे तो काम करतो तिथेच, फोटोच्या मापाचा पांढरा पुठ्ठा ठेवला आणि स्टुलावर बसले. सव्वातीनला ऊन खिडकीच्या चौकटीत होतं. साडेतीनला टेबलाच्या कडेला लागलं. पावणेचारला पहिल्या गजाची सावली पुठ्ठ्यावर चढली, पण कोन जुळेना. मी नकली कागद शेजारी धरून बसून राहिले. चार वाजता गजाची सावली वरच्या उजव्या कोपऱ्यातून तिरकी खाली उतरली. बोटभर रुंद, कडा मऊ. मी नकली कागद पुठ्ठ्यावर ठेवला, सावलीवर सावली बसली.

मग मी वार मोजले. हे दुपारी चारचं काम. ऑफिसच्या दिवशी चार वाजता चार्ल्स घरी सोफ्यावर झोपलेला असतो, घोरणं मी ऐकते. गुरुवारीही ऐकलं. शनिवारी दिवसभर आम्ही अल खोरला एका बारशाला होतो, तो माझ्या शेजारी. शुक्रवारी चार वाजता फ्लॉइड माझ्यासमोर सूर चुकवत होता. जाहिदा मॅडमच्या घरी, साक्षीला खुद्द मॅडम. आणि चार्ल्स चर्चच्या बाहेर, गर्दीत, जिथे त्याला कुणी पाहिलं नव्हतं.

चर्चपासून व्हिला दहा मिनिटं. मागच्या दाराची किल्ली त्याच्या खिशात, फजलची वही पुढच्या दारात. अल मन्सूरात तासाभरात फोटो छापून देणारी दुकानं पावलागणिक. परत यायचं, चौकटीत नकली बसवायचं, कागदाचा तुकडा ड्रॉवरमध्ये सारायचा, आणि पाऊण तास उशीर.

मला दोन चहांच्या बदल्यात काहीच विचारावंसं वाटलं नव्हतं. दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये मला सगळं दिसत होतं.

पट्टी पाहिलेलं माणूस मी एकटीच होते. कागद पाकिटात घालून गप्प बसले असते, तर गुरुवारी दहा वाजता जाहिदा गेली असती. चार्ल्स राहिला असता. माझे नंबर परत आले असते. हे सगळं मी तिथे स्टुलावर बसून नीट, शांतपणे मनात आणलं. ऊन भिंतीवरून वर चढेपर्यंत मी तिथेच होते.

६

मंगळवारी सकाळी मी कपाटातून ती रिकामी चौकट काढली.

फोटो कुठे असेल, याचा विचार मी रात्रभर बायको म्हणून केला होता. चार्ल्स जुना कागद गाडीत नेणार नाही. जानेवारी असला तरी बंद गाडीत कागद आक्रसतो, हे त्यानंच मला शिकवलं. घरी नेणार नाही, स्वयंपाकाची वाफ लागते. विकायला त्याला माणूस माहीत नाही आणि हौसही नाही. त्याच्या मते जुन्या फोटोला जगात एकच सुरक्षित जागा, चांगल्या पुठ्ठ्यांच्या मधोमध, चौकटीत.

बाकीच्या सात चौकटींत मागे एकेक पुठ्ठा होता. पाचवीत दोन होते. रविवारी मी ते पाहिले होते, हाताळलेही होते, पण तेव्हा माझं लक्ष जाहिदाच्या ड्रॉवरकडे होतं. मी कडेची टेप सुरीनं उचलली. दोन पुठ्ठ्यांच्या मधे, स्वच्छ पांढऱ्या कागदात गुंडाळलेला, पाचवा फोटो होता. बैल, माणूस, मधली सावली. टॉर्च तिरका धरला, चकाकला.

फोटो व्हिल्याबाहेर गेलाच नव्हता. चोर वस्तू नेतो. इथे वस्तू जागेवर ठेवून माणूस घालवायचा बेत होता. हे लोभाचं काम नाही, हे जळफळाटाचं आहे, आणि त्याची मला चांगली ओळख आहे. दीड वर्ष मी तो रोज घरी घेऊन जात होते.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर मी म्हटलं, "फोटो मिळाला. दोन पुठ्ठ्यांच्या मधे."

चार्ल्सनं घास तोंडात घातला, चावला, गिळला. "फाटला नाही ना?"

"नाही."

"टेप हलक्या हातानं काढलीस ना?"

"माझ्यासाठी केलंस?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "मी बोलत होते म्हणून? बोलण्याला काय लागतं, चार्ल्स. मी तिला घालव म्हटलं नव्हतं."

"तुझ्यासाठी नाही." तो पाण्याच्या पेल्याकडे बघत होता. "माझ्यासाठी केलं. बर्था, आपण दोघंच शेवटचं कधी जेवलो, सांग. दीड वर्ष या टेबलावर आपण तिघं जेवतो. तू, मी आणि जाहिदा. ती काय म्हणाली, तिनं काय घातलं, मॅडम तिच्याकडे बघून कशा हसल्या. शेरॉनचा फोन आला तरी पोटच्या पोरीला तू जाहिदाचंच सांगतेस. मला डॉक्टरनं साखरेच्या गोळ्या चालू केल्यात, तीन महिने झाले. तुला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं.

"माझ्यावर कधी इतकी जळली नाहीस तू," तो म्हणाला. "प्रेमानं नाही तर नाही, जळून तरी माझा विचार केला असतास. मला वाटलं, ती गेली की हा विषय जाईल. मग महिन्याभरानं सापडला म्हणून काढून देणार होतो. पोलिसांचं माझ्या डोक्यात नव्हतं."

"आणि तिची मुलगी? दहावीला आहे."

"ते पण नव्हतं." त्यानं ताट सरकवलं. "तू मॅडमना सांगशील?"

"तू सांगशील. मी शेजारी बसेन."

सत्तावीस वर्षांत मी त्याला असं काही सांगितलं नव्हतं. त्यानं मान हलवली. मग त्याच्या गोळ्या कुठे ठेवल्या आहेत ते मी विचारलं, आणि त्यानं फ्रिजच्या वरच्या डब्याकडे बोट दाखवलं.

७

बुधवारी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. चार्ल्सनं तीन वाक्यांत सांगितलं, त्याला चौथं येत नाही. फोटो टेबलावर होता, जाहिदा दाराशी उभी होती.

"पोलीस नकोत," मॅडम म्हणाल्या. "पण चार्ल्स या आठवड्यात परत जाईल." मग माझ्याकडे वळल्या. "तू कसं शोधलंस?"

हे बोलणं मला चर्चमधल्या कबुलीजबाबापेक्षा जड गेलं. "जाहिदाच्या पद्धतीनं," मी म्हटलं. "सावली बघितली. तिनं शिकवलं नसतं तर मला दिसली नसती. आणि मॅडम, हात चार्ल्सचे असले तरी जीभ माझी होती. मलाही पाठवायचं तर पाठवा."

मॅडमनी जाहिदाकडे पाहिलं. "तू सांग. हिनं राहावं का?"

जाहिदा दारातून पुढे आली. मग मराठीत बोलली, म्हणजे माझ्याशीच.

"माफ केलं वगैरे मी म्हणणार नाय, बर्था आंटी. त्या दिवशी माझा ड्रॉवर उघडलात ना, तेव्हा तुम्ही हसत होता. मी दारातून पाहिलं." तिनं ओढणी नीट केली. "पण तुम्ही ती सावली लपवली असती तर आज मी कुठे असते, ते पण मला कळतं. राहा तुम्ही. फोटो परत चौकटीत बसवायचाय, आणि आता फ्रेमवाला नाय. यल्ला, चला."

आम्ही दोघींनी तो बसवला. तिनं कडा धरल्या, मी टेप मारली. 

गुरुवारी प्रदर्शन उघडलं. पाहुणे पाचव्या फोटोपाशी थांबत होते आणि जाहिदा त्यांना सावलीचं सांगत होती, अरबीत, इंग्रजीत, एकाला उर्दूत. कोपऱ्यात जिक्रा गणिताचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. मी दाराशी फुलं मोजत उभी होते. जळणं गेलं असं मी म्हणणार नाही, ते तिथेच होतं, छातीच्या खाली, रोजच्या जागी.

शनिवारी चार्ल्स गेला. माझा करार जूनपर्यंत आहे. विमानतळावर तो म्हणाला, गाडीचं ऑइल बदलून घे. मी म्हटलं, गोळ्या घे.

सोमवारी जेवणाच्या वेळी त्याचा वसईहून फोन आला. मी फोन ताटाशेजारी उभा करून ठेवला.

"जेवतेस?" त्यानं विचारलं.

"हो. आज ना, जाहिदानं," मी म्हटलं आणि थांबले.

 पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता, जसा माझ्यासमोर बसून घास गिळताना ऐकू यायचा. मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

"तू आज काय केलंस जेवायला?" मी विचारलं.

 मग त्यानं सांगायला सुरुवात केली. बोंबील आणले होते, पहिले चार तव्याला चिकटले, शेजारच्या उल्कावहिनींनी सांगितलं की तांदळाचं पीठ लाव, ते लावल्यावर बरे निघाले, पण मीठ जास्त झालं. चार्ल्स सलग वीस मिनिटं बोलला. माझा भात गार झाला, मी मधे काही बोलले नाही.